दोरा बांधलेल्या सतरा कॅसेटी

बोईसर
दि. १२ ऑगस्ट २०२४

स्वातीताई यांस रामकिसनचा नमस्कार.

तुमचं पत्र मे महिन्यात आलं आणि उत्तराला मी ऑगस्ट उजाडवला, त्याची आधी माफी मागतो. तीनदा लिहायला बसलो होतो. एकदा पेन चालेना, एकदा डोकं चालेना. तिसऱ्या वेळी पत्र पुरं झालं, पण त्यात सगळीकडे ‘ठीक आहे’ असंच लिहिलं होतं, म्हणून मीच ते फाडलं.

तुम्ही म्हणाल, काका, फोन करायचा. माझा डावा कान गेला आहे आणि उजव्यात फोन धरला की शिट्टी वाजते. शिवाय संस्थेचा फोन कमलाकांत सरांच्या टेबलावर असतो. महत्त्वाचं असेल ते कागदावर असावं, हे तुम्हीच मला शिकवलंत. पोस्टातली हेतल मात्र मला पाकिटं विकत घेताना बघून हसते. परवा म्हणाली, “काका, या वयात कोणाला लिहिता एवढं?” मी म्हटलं, आमच्या मॅडमला. तर म्हणते, मॅडम उत्तर देतात का? मी पाकिटाचे सुटे पैसे मोजत राहिलो, कारण उत्तर द्यायचं राहिलं होतं ते माझ्याकडून.

आता मुद्द्याचं लिहितो. आपल्या आवाजांच्या संग्रहाला कंपनीची जी मदत यायची ती ३० सप्टेंबरला बंद होते आहे. जुलैत तसं पत्र आलं. वीजही बंद होईल, म्हणजे हवा कोरडी ठेवायचं मशीन बंद होईल, आणि इथली हवा कशी आहे ते तुम्ही नऊ वर्षं बघितलं आहे. माझ्या चपलांना दोन दिवसांत बुरशी येते, तिथे कॅसेटीचं काय होईल? सरांनी खूप खटपट केली, ते खरं आहे. शेवटी मुंबईची एक मोठी संस्था सगळं न्यायला तयार झाली. सहाशे चाळीस कॅसेटी, बावीस वर्षांत पाड्यापाड्यांवर जाऊन भरलेल्या. ते लोक सगळं इंटरनेटवर ठेवणार, जगात कोणालाही ऐकता येईल. मला आधी आनंद झाला. मी कपाटं पुसली, नावांच्या सुटलेल्या पट्ट्या परत चिकटवल्या.

मग सरांनी मला बोलावून एक कागद दिला. तो जसाच्या तसा उतरवून काढतो:

‘यादीतील ज्या सतरा कॅसेटींपुढे “बंद” अशी खूण आहे, ती खूण केवळ कार्यालयाच्या सोयीसाठी होती. सांगणाऱ्या व्यक्तींनी कोणतीही अट घातलेली नव्हती, हे मी त्या वेळचा साक्षीदार म्हणून लिहून देत आहे.’

खाली माझं नाव टाइप केलेलं आहे. फक्त सही करायची.

तुम्हाला माहीत आहे, पण कागदावर असावं म्हणून लिहितो. अट होती. सतराही जणांनी घातली होती आणि मी तिथे रेकॉर्डिंगचं मशीन धरून बसलो होतो. पहिली बुधी. २००४ साल, वाणगावच्या पलीकडचा पाडा. छापील परवानगीवर तिने अंगठा दिला, त्या कागदावर अटीला जागाच नव्हती. बोलून झाल्यावर तिने ओढणीच्या कडेचा एक धागा उसवला आणि कॅसेटच्या डबीला गुंडाळून गाठ मारली. बियाण्याची पुडी बांधावी तशी. म्हणाली, हे कोणाला ऐकवू नको. मी डबीत चिठ्ठी लिहून टाकली. त्यानंतर ज्याला ज्याला असं काही सांगायचं असे, त्याला आम्ही दोरा देत गेलो. तो आमचा रिवाजच झाला. सरांनाही तेव्हा तो फार आवडला होता, पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवायचे.

आता सर म्हणतात, “रामकिसन, सगळं घेणार तर घेणार, नाहीतर नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. सतरांसाठी सहाशे कुजवायच्या का?” या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. मी सातवी शिकलेला माणूस.

सही केली तर मुंबईवाले मलाही एक खोली आणि राखणदारी देणार आहेत. नाही केली तर संस्थेच्या मागची ही खोली सोडायची. चौदा वर्षं इथे काढली, माझी साखरबाई इथेच गेली. आमचा सुजित म्हणतो, बाबा, पुण्याला या. गेलो होतो चार दिवस. तो आणि सूनबाई कामाला गेले की मी लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसायचो. लिफ्ट दिवसात किती वेळा वर येते ते मला पाठ झालं.

ताई, यादी तुम्ही केलीत. ‘बंद’ हा शब्द तुमच्या अक्षरात आहे. म्हणजे सरांनी तुम्हालाही विचारलं असणार. तुम्ही काय उत्तर दिलंत ते कळवा. तुम्ही केलं असेल तेच मी करीन.

तुमचा
रामकिसन

*

अकोला
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय रामकिसनकाका,

तुमचं अक्षर पाकिटावर बघून फार बरं वाटलं. उशिराचं काही मनावर घेऊ नका.

मी इथे विमा कंपनीच्या कार्यालयात आहे हे मागे लिहिलं होतं. दिवसभर जुने कागद मशीनखाली ठेवायचे आणि त्यांची चित्रं काढायची. कागद कोणाचा, कशाचा, हे वाचायला वेळ नसतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी कानात गाणी घालून काम करते. मी तशीच बसते. कधी कधी संध्याकाळपर्यंत माझा स्वतःचा आवाज मी ऐकलेला नसतो. डिसेंबरमध्ये कायम करतील असं म्हणतात.

तुम्ही आधी कान दाखवून या. शिट्टी वाजते ती अंगावर काढू नका. पालघरला जाऊन या, बोईसरच्या त्या औषधवाल्याला विचारत बसू नका.

त्या कागदाचं मी काय सांगू? कॅसेटी वाचल्या पाहिजेत हे सरांचं म्हणणं खोटं नाही. आणि काका, तुमच्या वयाला डोक्यावर छप्पर हवं. तुम्ही सही केलीत तर कोणी तुम्हाला दोष देणार नाही, मी तर नाहीच नाही. सरांनी मलाही विचारलं होतं. पण तुम्ही माझ्याकडे बघून काही ठरवू नका. माझी गोष्ट वेगळी, तुमची वेगळी. जे कराल ते तुमच्या जिवाला जपून करा.

इथे अजून उकडतं. तुमच्याकडच्या गवती चहाची आठवण येते.

तुमची
स्वाती

*

बोईसर
दि. २ सप्टेंबर २०२४

स्वातीताई यांस नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मला जे कळायचं ते कळलं. तुम्ही नकार दिलेला आहे, आणि तुमच्यामुळे माझं छप्पर जाऊ नये म्हणून तसं स्पष्ट लिहीत नाही आहात. ‘माझ्याकडे बघून ठरवू नका’ असं दुसरं कोण लिहील? तेव्हा मी ठरवून टाकलं. शनिवारी सरांकडे गेलो आणि सही न करता तो कागद टेबलावर परत ठेवला.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. बावीस वर्षांत मी त्यांच्यासमोर खुर्चीत कधी बसलो नव्हतो, त्यामुळे कडेलाच टेकलो. ते म्हणाले, त्या बंद खणातली बुधीची कॅसेट घेऊन ये. आणली. त्यांनी डबी उजेडात धरली आणि विचारलं, “बुधी जाऊन तेरा वर्षं झाली. मग हा दोरा नवा कसा रे?”

आता तुम्हालाही सांगायला हवं. तो दोरा माझा आहे. सतराही दोरे माझे आहेत.

कॅसेट वर्षानुवर्षं तशीच ठेवली की फीत फितीला चिकटते. दर वर्षी एकदा पुढे-मागे फिरवून घ्यावी लागते. बाकीच्या मी फिरवायचो आणि या सतरा तशाच ठेवायचो. २००६ च्या पावसाळ्यानंतर दोन डब्यांत पांढरी बुरशी दिसली. मला झोप लागेना. ऐकवू नको म्हणाले होते, पण कुजू दे असं कोणी म्हणालं नव्हतं. म्हणून मी गाठ सोडली, फीत फिरवली, साफ केली आणि परत बांधली. पुढे दर वर्षी तेच. जुने धागे तुटत गेले, मी नवे घेतले. कारखान्यात पॅकिंगला होतो तेव्हाची गाठ माझ्या हातात बसलेली आहे, तीच मारत गेलो. कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्ही त्या खणाला कधी हात लावला नाहीत आणि मला लाज वाटायची.

सर म्हणाले, “अट बुधीच्या गाठीची होती ना? ती गाठ तूच सोडलीस. आता राहिलंय काय?” मी एवढंच म्हणालो की स्वातीताईंनीही नकार दिलेला आहे. त्यावर ते म्हणाले, “स्वातीनं जुलैतच लिहून दिलंय.”

ताई, मी सरांना खोटं बोलताना पहिल्यांदा बघितलं. आणि मी, जो त्यांना कधी उलट बोललो नाही, तो मी त्यांना तोंडावर म्हणालो, सर, तुम्ही खोटं बोलता. कप तसाच ठेवला आणि उठून आलो. अर्धा चहा वाया गेला.

सर आता मला तीस तारखेच्या आधीच काढतील का? कपाटाच्या चाव्या मागतील का? तुम्ही एक करा. तुमच्या नकाराची नक्कल मला पाठवा. ती मी सरांसमोर ठेवतो, म्हणजे त्यांनाही बोलायला जागा राहणार नाही.

तुमचा
रामकिसन

*

अकोला
११ सप्टेंबर २०२४

काका,

नक्कल पाठवता येत नाही, कारण नकार नाही. सर खोटं बोलले नाहीत.

मी जुलैच्या नऊ तारखेला लिहून दिलं. इथे कायम व्हायला मागच्या नऊ वर्षांच्या कामाचा दाखला लागत होता आणि तो सर दीड वर्ष देत नव्हते. जुलैत त्यांनी दोन कागद एकाच पाकिटात पाठवले, एक दाखला आणि एक तो, तुम्हाला दिला तसाच. सोबत काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. मी सही केली, पोस्टात टाकली आणि घरी येऊन जेवले. त्या दिवशी मला फार काही वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट आहे.

तुमचं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. मी आडून लिहिलं. तुम्ही सही करून टाकाल आणि मग आपण दोघं सारखे होऊ, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे, तसं व्हावं असं वाटत होतं.

आणखी एक. मीही त्या खणाला हात लावला आहे. २०१९ मध्ये सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या तेव्हा मी त्या सतराही उतरवल्या. तुम्ही लातूरला लग्नाला गेला होतात ते पाच दिवस. बुरशीचीच भीती. गाठ सोडायला गेले आणि थांबले, कारण ती कोणा आदिवासी बाईची गाठ नव्हती. आपल्या पार्सलांवर तुम्ही मारता तीच होती. म्हणजे तुमचं मला पाच वर्षांपासून माहीत आहे. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर माझंही सांगावं लागलं असतं.

मी ऐकलं मात्र नाही. आवाज पूर्ण बंद करून ठेवला होता. काटा हलताना दिसायचा, म्हणजे कोणी बोलतं आहे एवढं कळायचं. दीड-दीड तास मी तो काटा बघत बसायचे. तेवढ्याने आपण प्रामाणिक राहिलो असं मला तेव्हा वाटलं होतं.

ती प्रत सरांकडच्या डिस्कवर आहे. म्हणजे तुम्ही खण उघडला नाहीत तरी आवाज त्यांच्याकडे आहेच. अडलंय ते तुमच्या सहीपाशी. साक्षीदार तुम्ही एकटेच उरला आहात.

माझ्यासाठी तुम्ही सरांशी भांडलात. रागवा, पण लिहा.

स्वाती

*

अकोला
२९ सप्टेंबर २०२४

काका,

अठरा दिवस झाले. पत्र पोचलं नाही, की पोचलं म्हणूनच उत्तर नाही? उद्या तीस तारीख. सुजितचा नंबर माझ्याकडे नाही. संस्थेच्या फोनवर लावला तर सरांनी उचलला आणि मी ठेवून दिला.

तुम्ही कुठे राहणार आहात, एवढं तरी एका ओळीत कळवा.

स्वाती

*

वाणगाव
दि. १५ ऑक्टोबर २०२४

स्वातीताई यांस रामकिसनचा नमस्कार.

उत्तराला महिना लावला. तुम्ही काळजीत असाल हे माहीत असूनही लावला, म्हणून ही माफी मागच्यापेक्षा मोठी आहे.

तुमचं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. राग आला होता. सरांना खोटं ठरवून आलो आणि खोटा मीच ठरलो, याचा जास्त आला. नऊ दिवस मी त्या डब्यातलं पीठ काढलं नाही, वडापाव खाऊन राहिलो. मग एक दिवस बसल्या बसल्या लक्षात आलं की आपण ज्याच्यासाठी रागावलो आहोत त्यातलं अर्धं आपणही केलं आहे. उलट मी जास्त केलं आहे. तुम्ही आवाज बंद ठेवलात. मी ठेवला नाही.

साखरबाई गेल्यावर खोलीत बाईमाणसाचा आवाज राहिला नाही. सुजितचा फोन रविवारी यायचा. तेव्हा उजवा कान चांगला होता. त्या वर्षी बुधीची कॅसेट फिरवायला घेतली आणि माझं बोट दुसऱ्या बटणावर गेलं. चुकून गेलं असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या महिन्यात परत काढली, तेव्हा तेही सांगता आलं नाही. संध्याकाळी चूल पेटवली की मशीन लावायचं आणि ती बोलायची. काय बोलली ते मी तुम्हालाही लिहिणार नाही. पहिली बाजू संपायला आली की मला लाज वाटायची आणि मी बंद करायचो. दुसरी बाजू कधी लावली नाही. तेवढ्याने मीही प्रामाणिक राहिलो असं समजत होतो, तुमच्यासारखंच.

तीस तारखेला चाव्या दिल्या. बुधीची कॅसेट आणि लहान मशीन मात्र जेवणाच्या पिशवीत घालून आणलं. आयुष्यातली पहिली चोरी. बोईसर स्टेशनवर एक हवालदार माझ्याकडे बघून जांभई देत होता, तरी मी पिशवी छातीशी धरली. आता इथे वाणगावला चिकूच्या वखारीमागे एक खोली मिळाली आहे. वखारवाला सुजितच्या मित्राचा चुलता. दिवसभर पेट्या ठोकण्याचा आवाज असतो म्हणे. मला फार ऐकू येत नाही, म्हणून मला ती चालते.

चार तारखेला बुधीच्या पाड्यावर गेलो. तिची मुलगी बायडी. तुम्ही तिला बघितलं नाही. पन्नाशी ओलांडलेली असेल. भाताची कापणी करून नुकतीच घरी येऊन ओट्यावर टेकली होती, पायांना चिखल तसाच. मला तिने ओळखलं नाही. मशीन दाखवल्यावर ओळखलं. मी तिच्या अंगणात उभा राहून सगळं सांगितलं. तुझ्या आईची गाठ मी सोडली, दर वर्षी सोडली, मी एकट्याने ऐकलं, आता ते लोक जगाला ऐकवणार म्हणतात आणि माझी सही मागतात, तर तू सांगशील तसं करतो. तिने पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाली, लाव.

मी दोन्ही बाजू लावल्या. मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. शेजारच्या दोन बाया आल्या, त्यांना तिने हातानेच परत पाठवलं. दुसरी बाजू संपत आली तेव्हा तिने एकदम मशीन उचललं, माझ्या उजव्या कानाला लावलं आणि मागे फिरवायला सांगितलं. शिट्टीच्या मधून मला बुधी ऐकू आली. मी तेव्हा मशीन बंद न करताच वायर गुंडाळत होतो, खाली सर जीपचा हॉर्न वाजवत होते, तोही फितीवर आहे. बुधी म्हणते,

“हा कोणाला ऐकवू नको. माझी बायडी हाय ना, तिला ऐकव. मी मेली का लगेच नको, उगा रडंल. ती कवा दमून बसंल, तवा ऐकव.”

ताई, मी चिठ्ठीवर पहिलं वाक्य लिहिलं आणि बाकीचं लिहायला मला वेळ पुरला नाही. माझं लिहिणं हळू, तुम्हाला माहीत आहे. जीपमध्ये बसल्यावर लिहू म्हटलं आणि विसरलो. बुधी २०११ ला गेली. आपण त्या कॅसेटीला बुरशीपासून जपलं, पाहुण्यांपासून जपलं, आणि जिच्यासाठी ती होती तिच्यापासूनही जपलं.

बायडी मला म्हणाली, “तेरा वरसं माझे आयला डब्यात कोंडून ठेवलास तू?”

तिने मला जेवायला वाढलं. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. जेवताना तिने आईच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि हसलीसुद्धा. जगाला ऐकवायचं नाही, हे तिने निघताना सांगितलं, जास्त काही न बोलता. कॅसेट तुझ्याकडे ठेव म्हटलं, तर म्हणाली, “माझ्याकं मशीन कुठं हाय? ऐकावासा वाटला तर मी येन तुझ्याकं. तवर मरू नको.”

तिथून परत आल्यावर मी एक कागद लिहिला. दोन दिवस लागले. सरांच्या पालघरच्या घरी नेऊन दिला. त्याची नक्कल ही:

‘मी रामकिसन, साक्षीदार. सतरा माणसांनी अट घातली होती. त्यांच्या गाठी मी दर वर्षी सोडल्या. एक कॅसेट मी परवानगी नसताना ऐकली आणि ती आता माझ्याकडे आहे. तिची चिठ्ठी मी अर्धी लिहिली होती. बाकी सोळा चिठ्ठ्या पुऱ्या आहेत की अर्ध्या, हे मला सांगता येत नाही. त्या त्या घरी विचारावं.’

सरांनी तो उभ्याने वाचला. हॉर्नचं मी तोंडी सांगितलं. ते खाली बसले. थकलेले दिसले, त्यांनाही आता कोणी भेटायला येत नाही. मी त्यांना खोटं म्हणालो होतो त्याची माफी मागितली, ती त्यांनी हाताने उडवून लावली. मग म्हणाले की मुंबईची गाडी दिवाळीनंतर येणार. तोवर ज्या घरांचं म्हणणं मी लिहून आणीन त्या कॅसेटी ते बाजूला काढतील. ज्यांचं येणार नाही त्या जातील. मी म्हटलं, माझ्या सहीशिवाय कशा जातील? ते म्हणाले, “तुझ्या सहीवाचून अडलं तर स्वातीचं पत्र आहे. मी ते पुढे करीन. माझा इलाज नाही, रामकिसन.” राग नव्हता त्यांच्या बोलण्यात.

दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर आणि बोटींवर निघून जातात, मागे म्हातारी तेवढी उरतात. तुम्ही जाणताच. सोळा घरं आहेत. आत्तापर्यंत तीन झाली. कोरे कागद आणि शाईची डबी घेऊन जातो. एका घरी कोणीच उरलेलं नाही, शेजाऱ्यांनी कुलूप दाखवलं. दुसऱ्या घरी जिवल्या म्हणून नातू आहे, तो म्हणाला, आजा काय बोलला ते आधी ऐकव, मग सांगतो. ते बरोबर आहे. पण ती कॅसेट सरांकडे, आणि लावली तरी माझ्या कानाला पुरतं कळत नाही. शेवटी कोणाचं काय म्हणणं आहे ते ऐकून लिहून घ्यायला एक धड कानाचं माणूस पाहिजे.

तुम्ही या, असं लिहायला माझी जीभ अडते. रजा मिळेल का, भाडं किती, डिसेंबर जवळ आला, हे सगळं मी गिरवलं आहे. ते जुलैचं पत्र तुम्ही मागे घेतलंत तर सर तुमच्या कचेरीला काही कळवतील का, हे मी त्यांना विचारणार होतो, पण विचारलं तर त्यांना सुचेल म्हणून गप्प बसलो. तुमचं तिथे काही बिघडलं तर ते मी कसं सोसू? आणि नाही मागे घेतलंत तर या तेरा घरांसमोर जाऊन मी काय सांगू? दोन्ही बाजूंनी माझं डोकं पिकलं आहे. तुम्ही काय करावं हे मी लिहिणार नाही. मागच्या वेळी मी तुमच्याकडे बघून ठरवलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघून ठरवू नका.

फक्त कळवा. नाही असेल तर नाही म्हणून कळवा, मी राग धरणार नाही, मी माझा घरोघर जात राहीन. पण तुमचं पत्र येणार आहे की नाही, या विचाराने मला एका जागी बसवत नाही. पत्ता पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. इथला पोस्टमन दुपारी दोनच्या सुमाराला येतो, मी तोवर पाड्यावरून परत येऊन वखारीच्या दारात बसतो. आज मंगळवार. दिवाळीला पंधरा दिवससुद्धा नाहीत, ताई. पत्र लवकर टाका.

तुमचा
रामकिसन